एकच स्थळ शेकडो वेळा पाहिल्याची हकीकत

सिव्हिल लाइन्स, गोंदिया
डिसेंबर २०१२

तीर्थरूप केशोराव मामाजी,

पायांवर डोकं ठेवतो (पत्रातून ठेवता येईल तेवढं). गुडघा कसा आहे? चोरखमारा तलावाचं पाणी सुटलं की तुम्ही बांधावर पळता आणि दवाखान्यात जायचं म्हटलं की तो दुखतो, असं मामीजी सांगत होत्या, म्हणून विचारलं. त्यांनाही नमस्कार. खरं तर फोनच करणार होतो; पण मामीजी फोन स्पीकरवर ठेवतात, आणि ही हकीकत मोहल्ल्यानं ऐकण्यासारखी नाही.

समाजाच्या उपवर मुलामुलींची वेबसाइट मी आणि माझा भागीदार तिलक बनवून राहिलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्यात एक सोय होती. कुणी मुलानं एखाद्या मुलीचं पान उघडलं, की तिच्या वडलांच्या मोबाईलवर लगेच संदेश जाणार: ‘अमक्यानं आपल्या कन्येची माहिती पाहिली.’ कल्पना माझी (तेव्हा मला तिचा अभिमान होता). परिचय मेळाव्याच्या दिवशी सारा समाज एकदम साइटवर तुटून पडणार, आणि भर मंडपात साइट बसली तर काम रायपूरवाल्यांना देऊ, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. म्हणून आधी लोड टेस्ट करायचं ठरलं. म्हणजे संगणकच शेकडो खोटी माणसं उभी करतो आणि ती सगळी एकाच वेळी साइट उघडू लागतात. साइट किती भार सोसते ते आपल्याला कळतं. खोट्या माणसांना नाव लागतं, मी सगळ्यांना माझंच दिलं. उघडायला एक पान लागतं, मी सालेकशाच्या दुधराम टेंभरेंच्या मुलीचं, योगेश्वरीचं दिलं. टेस्टपुरते संदेश बंद करायला हवे होते. ते राहिलं.

पाच-दहा माणसं असेपर्यंत साइट छान चालली. शंभर झाली आणि पान उघडेचना. आम्ही फोटो लहान केले (स्टुडिओवाले एकेका मुलीचा फोटो भिंतीला लावण्याएवढा देतात), पुन्हा टेस्ट केली. सर्व्हरची मेमरी वाढवली, पुन्हा केली. तिलकनं इंटरनेटवाल्याला शिव्या दिल्या, मग पुन्हा केली. गंमत म्हणजे सर्व्हर अगदी रिकामा, पाय पसरून बसलेला; त्याला काही कामच नव्हतं, तरी पान येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोकं धरून बसलो असताना दारात दुधरामजी उभे. सालेकशाहून गाडीनं आले होते. हातात मोबाईल, मागे योगेश्वरी.

“लोकेंद्र बिसेन कोण?” त्यांनी विचारलं. तिलकनं माझ्याकडे बोट दाखवलं. (भागीदार असावा तर असा.)

“काऊन गा, एकदा पाहून मन नाही भरलं?” ते कडाडले. “कालपासून टुंग-टुंग चालू आहे. जेवाले बसलो तरी टुंग, बाजारात गेलो तरी टुंग! पुरा सालेकसा विचारून राहिला, हा बिसेनाचा पोट्टा आहे तरी कोण म्हणून!”

मी घाबरत घाबरत खोट्या माणसांचं समजावून सांगितलं. योगेश्वरीनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग इतक्यांदा पाहून काय समजलं?”

“पान उघडायला फार वेळ लागतो,” मी खरं ते सांगितलं. ती हसली. दुधरामजी हसले नाहीत.

“येतात तेही एकदम नाही,” ते म्हणाले. “एक आला की मागून दुसरा, मग तिसरा. लाइन लागली आहे लाइन!”

मामाजी, समोर मुलीचा बाप उभा आहे हे विसरून मी संगणकाकडे वळलो. लाइन! पान दाखवायच्या आधी साइट संदेश जाण्याची वाट पाहत होती. एक संदेश जाईपर्यंत मागचे सगळे ताटकळत. सर्व्हर रिकामा आणि माणसं खोळंबलेली, ती यामुळेच. पान आधी दाखवायचं आणि संदेश मागून सावकाश पाठवायचे, एवढाच फरक केला. तिलकनं पाहुण्यांना चहा पाजेपर्यंत मी टेस्ट चालवली. पानं धडाधड उघडू लागली, मी टाळी वाजवली, आणि दुधरामजींच्या हातातला मोबाईल पुन्हा टुंगला. संदेश बंद करायचे परत राहिले होते. परतीच्या गाडीतही ते सावकाश येतच होते म्हणे.

मेळावा मात्र उत्तम पार पडला. साइट एकदाही अडली नाही. अध्यक्षांनी तिलकची पाठ थोपटली.

आपला भाचा,
लोकेंद्र

ता. क. : येत्या रविवारी सवड काढा. जाताना दुधरामजी म्हणाले, “एवढं पाहिलंस, आता वडीलधारं माणूस घेऊन एकदा घरी येऊन पाहून जाय.” बाबा तिथं गेले की धानाच्या भावावरून वाद घालतील, म्हणून वडीलधारे तुम्हीच.

आणखी एक : टेस्टला हीच मुलगी कशी निवडली, असं मामीजी नक्की विचारतील. संगणकानं आपोआप निवडली, असं सांगा. संगणक आपोआप काही निवडत नाही, हे त्यांना ठाऊक नाही. योगेश्वरीला ठाऊक आहे. ती सालेकशात संगणकच शिकवते.