आत काय केलं ते विचारायचं नसतं

प्रिय वैशूआत्या,

घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला वाटणार कोणाला तरी काहीतरी झालं. नाही झालं. कोपरला राहणारा प्रीतम, तुझ्या मैत्रिणीचा भाऊ, ऑफिसच्या कामाला अमेरिकेत तुमच्या शहरात चाललाय. त्याच्या बॅगेत मसाल्याच्या पाकिटाबरोबर हे पण कोंबलंय. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस, आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातून चार पीरियड आणि त्यातला एक पीटीवाले सर घेऊन जायचे.

पप्पांची वागळे इस्टेटमधली कंपनी नव्या शेडमध्ये गेलीय, तिथे पंखे चालतात म्हणून पप्पा खूश. कळव्याच्या आपल्या बिल्डिंगला रंग लागला. बाजूचे महिपतकाका म्हणतात, कढीमध्ये कोकम पडलं की असाच कलर येतो. आणि मी काय करते, तर तुमचं अमेरिकेचं इलेक्शन बघते. खरंच, वेडी झालेय मी त्याच्यापायी. मम्मी म्हणते, हिला आपला नगरसेवक माहीत नाही आणि पेनसिल्व्हेनियाचे जिल्हे पाठ आहेत.

तू म्हणशील, या घरात त्या इलेक्शनचं नाव कशाला काढतेस. ऑगस्टमधला तो रविवार मलाही आठवतो, फोन मीच धरलेला. आजोबांनी सहज विचारलं, पहिलं मत कोणाला देणार? तू म्हणालीस, कोणालाच नाही. एकाला मी इथे परकी वाटते आणि दुसरा युद्धासाठी बॉम्ब पाठवणं बंद करत नाही, मी घरी बसणार. मग आजोबा जे बोलले ते बोलले. मग आपला भारताचा पासपोर्ट परत कशाला दिलास? तूच म्हणालेलीस ना, बाबा, जिथे राहते तिथे मत तरी देता येईल. तू फोन कट केलास, आणि त्यानंतर एकाही रविवारी तुझा फोन आला नाही.

तुला माहीत नाही ते सांगते. तू सिटिझनशिप घेतलीस तेव्हा आजोबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. मग स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले, वैशालीला आता तिकडे मताचा हक्क आहे. बुद्धविहारात पण सांगून आले. त्या एका वाक्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातलेली गं. तू तेच काढून घेतलंस. आणि तूही चूक नव्हतीस, ते मला कळत होतं. मधल्यामध्ये माझं सँडविच झालेलं.

रोज जेवताना त्यांचं एकच. दोनच तर माणसं आहेत, त्यात काय एवढं अवघड? आमच्या वॉर्डात चौदा-चौदा उभे असतात, आम्ही निवडतोच की! शेवटी मी म्हटलं, आजोबा, मग करून दाखवा. आणि मागच्या रविवारी मी खाली पार्किंगमध्ये अमेरिकेचं इलेक्शन लावलं. महिपतकाकांच्या नव्या फ्रिजचा खोका म्हणजे मतदानाची केबिन. चिवड्याचा डबा म्हणजे पेटी. उमेदवारांची नावं, पक्ष, फोटो काही नाही. दोन कागदांवर नुसतं एक आणि दोन, आणि प्रत्येकाखाली तो काय चांगलं करणार म्हणतो आणि काय वाईट, ते मराठीत.

काय मजा आली! तळमजल्याच्या कलावतीकाकूंनी दोन्ही कागद वाचले आणि विचारलं, यातला पाणी कोण सोडणार? महिपतकाका म्हणाले, दोघंही नकोत, तिसरा कुठाय? मी म्हटलं, तिसरा असतो काका, पण निवडून येत नाही. तर म्हणाले, मग आपल्यासारखंच की, कशाला अमेरिका अमेरिका करते ही पोरगी! पण सगळे हसत आत जायचे आणि बाहेर येताना डोकं खाजवत यायचे. काकू आतूनच ओरडल्या, अगं, ह्याचं हे आवडतं आणि त्याचं ते, अर्धं अर्धं देता येत नाही का?

आजोबा सगळ्यात शेवटी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आपल्या घरात मतदानाला पांढरं घालतात ना, तसेच आले, फ्रिजच्या खोक्यासाठी! मला हसू आलं आणि मग नाही आलं. ते आत गेले आणि येईनातच. खालून त्यांच्या चपला दिसत होत्या, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. महिपतकाका म्हणाले, शिवरामभाऊ, झोपला की काय? बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. डब्यात चिठ्ठी टाकली आणि बोट पुढे केलं. मी मार्करने शाई लावली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मग, कोणाला दिलं आजोबा?

आत्या, ते असे भडकले! विचारतात का असं? तुझी आजी चाळीस वर्षं माझ्याबरोबर मतदानाला आली, मी कधी रमाला विचारलं नाही, तिने मला सांगितलं नाही. आत काय केलं ते विचारायचं नसतं! आणि तिथेच थांबले. ऑगस्टमध्ये फोनवर त्यांनी तुला तेच तर विचारलेलं. मग जिना चढून गेले.

मी चिठ्ठ्या मोजल्या. कोण जिंकलं ते सोड, एक चिठ्ठी कोरी निघाली. कोणाची ते मी सांगणार नाही, नियम आहे. पण कडेला कड लावून अशी घडी आपल्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस घालतो.

आता हे पत्र का, ते सांगते. त्या संध्याकाळी आजोबांनी मला बोलावलं. म्हणाले, वैशालीला लिही, फोनवर मला जमणार नाही, रडायला येईल. लिही की पासपोर्टचं मी बोलायला नको होतं. तिने हक्क सोडला असं मला वाटलेलं, पण ती विचार करून थकलेली. मी मग त्यांना सांगितलं की तुमच्या तिकडच्या मतपत्रिकेवर त्या दोघांखाली शाळा चालवणाऱ्या बोर्डापर्यंत कितीतरी नावं असतात, आणि एक जागा कोरी सोडली तरी बाकीची मतं बाद होत नाहीत. तर मलाच ओरडले, मग हे आधी सांगायला काय झालेलं तुला, मूर्ख! पण हसले गं. कितीतरी दिवसांनी हसले. मला इतकं हलकं वाटलं की मी रात्री दोनदा भात घेतला. आणि वर, हे मी लिहायला सांगितलं असं तिला कळवू नकोस, असंही म्हणाले, ते मी ऐकत नाहीये. रविवारी फोन कर. ते कशाबद्दल काही विचारणार नाहीत. आत्ताच आतून हाक मारून एवढंच म्हणाले, नोव्हेंबरात तिकडे रांगेत फार थंडी असेल, तिला म्हणावं स्वेटर घालून जा.

तुझीच, फोन हातात धरून बसलेली
दर्शू