कुढते ती पार्वती

२ मे १९७९
बेटाच्या उत्तरेकडून, पांपलमूसहून कार्ड आलं. धाकट्या जावेच्या, पार्वतीच्या नातीचं लग्न. सुनीताने वाचलं. फ्रेंचमध्ये! मला मराठीचं अक्षर येत नाही, ही रोजनिशीसुद्धा हीच माझी नात लिहिते, आणि मला फ्रेंच कार्ड. अक्षता नाहीत, कुंकू नाही. मोठ्या जावेला उंबऱ्यावर येऊन तोंडाने बोलवायचं असतं, पाववाल्याच्या हातून नव्हे. आयो, चुलीत घाल म्हटलं. पोरगी घालत नाही.

४ मे
सुनीताला मराठीच्या वर्गात शब्द दिला. कुढणे. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. मला विचारते. सांगितलं, राग आला नि ओरडला, तो रागावला. राग पोटात ठेवून त्याला रोज दूधभात भरवला, तो कुढला. वाक्य: पार्वती कुढते.
"ती तर हसत असते, आजी."
तोंडाने.

५ मे
गुरुजी "छान" म्हणाले. वाक्य काय दिलं, तर 'माझी आजी कुढते'. बापाला वाचून दाखवत होती, मी आतून ऐकलं. शिकवा अजून!

७ मे
पार्वतीचा मुलगा मोटार घेऊन आला. शनिवारी गोंधळ. घराण्याची दिवटी माझ्याकडे, सासूने दिलेली. ती पेटल्याशिवाय आमच्यात गोंधळ उभा राहत नाही, नि गोंधळाशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. चहा दिला. इकडच्या, कार्तिए मिलितेरच्या पावसाबद्दल बोलला, खूप बोलला. शेवटी मागितलीच.
"दिवटीला कार्ड पाठवलंत का?"
लाल होऊन गेला. चहा तसाच.

९ मे
जेवण गेलं नाही. कुढत नाही, विचार करते. सुनीता म्हणते, तुझं दोन्ही एकच.
नवरीचं काय चुकलं? काही नाही. माझ्याच मांडीवर झोपायची ती. पण आजी पार्वतीच ना तिची...
दिवटी चिंचेने घासली. काळी पडली होती म्हणून. दुसरं काही नाही.

११ मे
मोटार फाटकाशी. आत पार्वती स्वतः. मांडीवर ताट, अक्षता इथून दिसतात. मान ताठ, उतरत नाही. मी ओसरीवर, दिवटी पदराखाली. मुलगा भोंगा वाजवतो.
"आजी, जा ना."
तू लिही. आधी ती.
दार उघडलं. एक पाय खाली. दुसरा आतच.
मी पदर सारखा केला, एवढं लिही. उठले असं लिहू नकोस.