फ्लॉपी ड्राइव्हमधलं हळदकुंकू

वसमत,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय नाहिद,

तुला आणि साजीदभाईंना नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून लिहिते.

तुझा निरोप यांनी दिला. आपल्या दोघींच्या क्लासमधले जुने कॉम्प्युटर तू बाळापूरला घरी नेऊन दुरुस्त केलेस, ते सुरूही झाले. फक्त फ्लॉपी ड्राइव्ह गेलाय आणि माझ्या घरच्या यंत्रातला तुला हवाय. आपले जुने विद्यार्थी दर रविवारी तुझ्याकडे गेम खेळायला जमतात, हेही समजलं. आमचे हे तर तुझ्याकडून जेवूनच येतात. गाडीच्या शर्यतीत साजीदभाईंना कसं हरवलं, ते मला दोन दिवस ऐकावं लागतं.

परवा प्रेमदास भेटला. आता त्याची हळदीची आडत आहे. म्हणाला, "नाहिद मॅडमनं आमाला कॉम्प्युटर शिकवला. तुमी लई रागवायच्या."

चपला बाहेर, हात स्वच्छ, गेम बंद, हे माझे नियम होते. एकेक कमांड मी घोटून घेतली. मी घरी गेले की तू गेम लावून द्यायचीस, हे मला ठाऊक होतं. शिकवलं मी, खेळवलंस तू. पोरांच्या लक्षात तू राहिलीस.

ड्राइव्ह देणार नाही, असं मी यांना सांगून टाकलं. हे म्हणाले, "काहून एवढी तापून राहिली? तिनं तुला बोलावलं न्हाई म्हणून?"

मी भाजी चिरत राहिले.

काल हे बाहेर गेल्यावर ते यंत्र पुसून मीच लावायला बसले. ती शर्यत आहे तरी काय, बघावं म्हटलं. फ्लॉपी आत जाईना. पेटी उघडली, तर ड्राइव्हमध्ये हळदकुंकू आणि अक्षता घट्ट बसलेल्या. क्लास बंद झाला तरी दर खंडेनवमीला मी त्या फटीवरच वाहत आले. धूळ नको म्हणून पोरांना चपला काढायला लावणारी मी. यांना हे सांगू नकोस.

तो साफ करावा लागेल. तुझा हात हलका आहे, तूच कर. पण यांच्या हाती पाठवणार नाही, मी स्वतः आणते. रविवारी तुझा दरबार असतो, म्हणून शनिवारी येते. बोलावण्याची वाट आता बघत नाही.

ड्राइव्ह चालला की पहिला डाव माझा. हरले, तर साजीदभाईंनाही कळता कामा नये. जिंकले, तर रविवारपर्यंत मुक्काम करीन, आणि प्रेमदासला मुद्दाम बोलावून घे.

रुसलेली, तरी येणारी,
निता