पाणघोड्याच्या पोटातले खवले

९ नोव्हेंबर

आज पुन्हा भांडण. पुन्हा त्या पाणघोड्यावरून.

पाणघोडा म्हणजे आमच्या कोठारातलं चिलखती वाहन. आठ चाकं, चौदा टन. जमिनीवर चालतं, पाण्यात पोहतं — म्हणजे सैन्यात होतं तेव्हा पोहायचं. रादोमिलने बारा वर्षांपूर्वी ते भंगारातून उचलून आणलं आणि तेव्हापासून तो त्याच्या पोटातच राहतो. बाकीच्या बायका नवऱ्याच्या बिअरबद्दल तक्रार करतात. मी काय सांगू लोकांना? मला चौदा टनांची सवत आहे म्हणून?

आज सूप पिताना, मान खाली घालून साहेबांनी सांगितलं. ३ मेला गावच्या अग्निशामक दलाला एकशे तीस वर्षं होतायत. त्या सोहळ्यात पाणघोडा तळं पार करणार! सरपंचबाईंना शब्दही देऊन मोकळा झालाय. घरात मात्र सगळ्यात शेवटी.

मी म्हटलं, "त्याचं एकूण एक झाकण गळतं. पावसात आत छत्री धरून बसतोस तू."

"अगं, दोन वर्षं चालवलंय मी हे सैन्यात. शंभर वेळा नदी ओलांडलीय."

ओलांडली असेल. पण रादोमिलला पोहता येत नाही. हे फक्त मला माहीत आहे. सैन्यातल्या पोहण्याच्या परीक्षेला त्याच्या नावाने दुसराच कोणी उतरला होता. लग्नानंतर पहिल्यांदा तळ्यावर गेलो, तर छातीएवढ्या पाण्यात हा थेट तळाशी गेला. मी उभ्याउभ्या केसांना धरून वर काढला. तेव्हा केस होते. "कोणाला सांगू नकोस" म्हणाला. अडतीस वर्षं नाही सांगितलं.

आणि धरणाच्या बाजूला आपलं तळं चार मीटर खोल आहे.

१० नोव्हेंबर

ठरवलं. तो ऐकणार नाही, हे नक्की. मग गाडी गळता कामा नये. एकतीस वर्षं रबराच्या कारखान्यात काढलीत मी, त्यातली वीस सीलच्या विभागात. नवरा कळला नसेल, रबर कळतं.

दुपारी विजेरी घेऊन आत शिरले. बारा वर्षांत या माणसाने सगळ्या फटी कशाने बुजवल्या होत्या? न्हाणीघराच्या सिलिकॉनने! चिलखती गाडीला! तेही गुलाबी. आमच्या न्हाणीतलं उरलेलं.

२ डिसेंबर

त्रेचाळीस जागा. झाकणांच्या पट्ट्या, दारांच्या, मागच्या, पाण्यात गाडी ढकलणाऱ्या दोन पंख्यांच्या दांड्यांच्या, तळाच्या बुचांच्या. जुन्या मैत्रिणींना फोन करून योग्य जातीचं रबर मागवलं, घरी कापलं, स्वयंपाकाच्या टेबलावर. रादोमिल तीन आठवडे उभ्याने जेवतोय. पहिले दोन दिवस म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं." तिसऱ्या दिवशी वायसर हातात द्यायला लागला.

१९ डिसेंबर

चाचणी कशी घ्यायची यावर वाद. तो म्हणे तळ्यात उतरवून बघू. मी म्हटलं, गरम पाण्याची पिशवी कशी तपासतात? पाण्यात बुडवून? नाही. आत भरून बघतात, बाहेर थेंब येतो का ते.

अग्निशामक दलाचा टँकर आला. आत गुडघ्याच्या वर पाणी भरलं. मी दोन तास खाली चटईवर आडवी पडून तळ बघत होते. पाठ धरली. पण थेंब नाही! एकसुद्धा नाही. रादोमिल म्हणाला, "ठीक आहे की." त्याच्या तोंडून हे म्हणजे मेडलच.

२० डिसेंबर

माझा गर्व मला नडला.

सकाळी वेंडेलिन आला. हा आमचा तळ्याचा राखणदार, नाताळचे कार्प मासे हाच विकतो. चेहरा उतरलेला. थंडीने त्याचं मोठं लाकडी टाकं फुटलं, ऐंशी कार्प आहेत आणि सगळं गाव वाट बघतंय. बोलता बोलता कोठारात डोकावला. मग पाणघोड्याच्या छतावर चढून झाकणातून आत बघितलं. कालचं पाणी अजून तसंच होतं.

"ब्लाझेना, हे गळत नाही ना गं?"

"एक थेंब नाही," मी म्हटलं. ऐटीत!

तासाभरात ऐंशी कार्प आत.

२२ डिसेंबर

अंगणात रांग. शिडी लावलीय, लोक एकेक करून वर चढतात, वेंडेलिन झाकणातून जाळं घालतो आणि विचारतो, "जिवंत हवा की साफ करून?" ज्यांना नातवंडांसाठी दोन दिवस न्हाणीच्या टबात ठेवायचाय ते जिवंत नेतात. बाकीच्यांचा तो तिथेच, छतावर, बसून साफ करतो. खवले चौफेर उडतायत. एकेकाच्या हातावर चार खवले ठेवतो, "घ्या, पाकिटात ठेवा, वर्षभर बरकत."

मी म्हटलं, "अरे, निदान झाकण तरी लाव साफ करताना."

"लावलं तर पुढचा मासा कुठून काढू?"

सरपंचबाई शिडीवर अर्ध्यात घाबरल्या. त्यांना मागून दोघांनी ढकललं. तीन किलोचा नेला.

२३ डिसेंबर

मासे संपले. रादोमिलने उपसापंप चालू केला, तळातलं पाणी बाहेर फेकायचा. आहे तो हा एकच. पठ्ठ्याने अर्ध्या तासात गाडी कोरडी केली. मी झाडूने खवले काढले. दिसले तेवढे.

२४ डिसेंबर

सणाचं जेवण झालं. माशाला डिझेलचा वास होता. दोघांनीही कबूल केलं नाही.

११ फेब्रुवारी

कोठारात वास. पाणघोड्याभोवती सात मांजरं बसून असतात, त्यातली आपली एकच. रादोमिल म्हणतो, "मला नाही येत वास." ज्याच्या अंगाला येतो त्याला कसा येणार?

१९ एप्रिल

मी आत बसणार, असं आज सांगून टाकलं. ३ मेला मी काठावर आणि हा एकटा त्या डब्यात, हे मला जमणार नाही. काही झालं तर निदान याची कॉलर धरायला कोणीतरी हवं.

एवढा चिडला! "तू काठावर बस. सगळ्या बायका बसणार आहेत तिथे. केक आहे, बँड आहे."

"का म्हणून?"

"चालकाशिवाय आत कोणी बसत नाही."

"त्रेचाळीस रबरं माझी आहेत. मी माझ्या रबरांबरोबर बसणार."

शेवटी म्हणाला, "बरं. पण मी सांगेन तिथे उभं राहायचं." जणू सैन्यच! मी हो म्हटलं. अडतीस वर्षं असंच हो म्हणत आलेय आणि करते ते करतेच.

२ मे

ट्रॅक्टरच्या टायरची आतली नळी हवा भरून, कापडात शिवून, त्याच्या आसनावर ठेवली. गादी म्हणून. त्याने बघितलं, दाबून बघितली. बसला. डोकं छताला लागलं. हवा थोडी काढली.

सगळी रबरं पुन्हा तपासली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. देवळात जायची माझी सवय नाही, तरी आज गेले.

३ मे

हात दुखतोय, तरी लिहिते. आज नाही लिहिलं तर उद्या लोकांनी सांगितलेलंच खरं वाटायला लागेल.

सगळं गाव काठावर. अग्निशामक दलाची होडी होती, म्हणजे सुरक्षेची सोय होती. पण तिच्यात सरपंचबाई, फोटोवाला आणि बँडमधला तो भलामोठा पितळी कर्णा, ट्यूबा, वाजवणारा बसले होते. अजून एक माणूस बसला असता तर आधी त्यांनाच वाचवावं लागलं असतं.

रादोमिल बूट काढून बसला. विचारलं तर म्हणे, "पेडल बरं लागतं." मला मागे, मोठ्या झाकणाखाली उभं केलं. झाकण उघडंच ठेव म्हणाला. आपल्या डोक्यावरचंही उघडंच — काचेतून धड दिसत नाही म्हणून. इथपर्यंत ठीक. हळू उतरायचं असं ठरलं होतं. पण बँड सुरू झाला! बँड सुरू झाला की या माणसाला सतरावं वर्ष लागतं. दिला पाय. चौदा टन उतारावरून धाडकन पाण्यात, पुढची लाट उठली ती थेट त्याच्या झाकणातून आत. टाकंभर पाणी. वर कमळाची दोन पानं.

पण आम्ही तरंगलो! माझं एकही रबर गळलं नाही, हे इथे लिहून ठेवते. जे आलं ते वरून आलं.

"पंप," रादोमिल ओरडला. मी बटण दाबलं. पंप गुरगुरला. बाहेर काही फेकेना. नुसताच गुरगुरतोय.

आणि डोक्यात उजेड पडला. डिसेंबरात एवढं झकास पाणी उपसलं त्याने, म्हणून पंपाकडे मी फिरकलेच नाही. त्रेचाळीस रबरं तीनतीनदा तपासली आणि पंपाची जाळी उघडून बघितली नाही! मी, एकतीस वर्षं कारखान्यात काढलेली बाई. ऐंशी कार्पांचे खवले.

"किती पाणी आहे?" रादोमिलने विचारलं.

"घोट्याएवढं," मी म्हटलं. गुडघ्याएवढं होतं. घाबरला असता तो.

"ब्लाझेना, वर ये. झाकणातून बाहेर नीघ आणि छतावर बस."

"गप बस आणि चालव."

"मी सांगतोय ना, वर चढ. पाणघोडा गेला खड्ड्यात!"

हे वाक्य त्याच्या तोंडून बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. पण मी तेव्हा खाली बसलेली, तळाचा पत्रा उचकटून. खांद्यापर्यंत हात घातला. पाणी बर्फासारखं. जाळीवर खवल्यांचा थर बसला होता, सुकून, सिमेंटसारखा. नखांनी खरवडला. मूठ भरून काढायची, मागे टाकायची, पुन्हा हात घालायचा. तो तिकडे माझं नाव घेतोय. दर पाच सेकंदांनी. मी प्रत्येक वेळी "आहे रे" म्हणायची. मला फक्त एकच दिसत होतं, हा माणूस दगडासारखा खाली जातोय आणि आता धरायला केसही नाहीत.

शेवटचा थर निघाला आणि पंपाने जो काय आचका दिला! बाहेरच्या नळीतून पाण्याचा फवारा उडाला. नेमकी तेव्हा होडी शेजारी होती. पाच महिन्यांचं काळं पाणी आणि अर्धी बादली खवले सरपंचबाईंच्या अंगावर. ट्यूबात सुद्धा. ट्यूबावाल्याने तो उलटा करून ओतला आणि पुन्हा वाजवायला लागला.

पुढची चाकं पलीकडच्या काठाला लागली. बाहेर आले तर लोक टाळ्या वाजवतायत. वेंडेलिन वाकून गवतातले खवले गोळा करून वाटतोय, "घ्या, घ्या, मे महिन्यातले मिळत नाहीत कुठे." आणि लोक घेतायत! सरपंचबाईंनीसुद्धा केसातला एक काढून पर्समध्ये ठेवला.

रादोमिल खाली उतरला, ओल्या मोज्यांनी चालत आला आणि सगळ्यांसमोर मला घट्ट धरलं. लोकांना वाटलं आनंदाने. सोडायलाच तयार नव्हता. मी त्याच्या कानात म्हटलं, "झालं आता. पुन्हा नाही जायचं." तो म्हणाला, "नाही."

४ मे

हात वर होत नाही. रादोमिलने बदकाची चरबी चोळली. माझा अर्धा गाऊन चोळला.

६ मे

टपालाने पाकीट आलं. तालुक्याच्या पोहण्याच्या तलावाचं, रादोमिलच्या नावाने. तो कोंबड्यांकडे होता, मी फोडलं. आत प्रमाणपत्र. प्रौढांचा वर्ग, जानेवारी ते एप्रिल. न थांबता दोनशे मीटर. बुडणाऱ्या माणसाला ओढत पंचवीस मीटर. दर मंगळवारी जात होता, मी गाण्याच्या तालमीला गेले की.

मी कागद घेऊन अंगणात गेले. "सहा महिने काळजीने मरत होते मी! सांगता येत नव्हतं?"

तो दाणे टाकत राहिला. म्हणाला, "एकटा जाणार असतो तर नसतो शिकलो. पण तू आत बसणार हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं. आणि तुला कुठे पोहता येतं?"

अडतीस वर्षं मी काठावर सगळ्यांचे कपडे राखत बसते आणि पाणी गार आहे म्हणते. ही गोष्ट मी या वहीतसुद्धा कधी लिहिली नव्हती.