आजीचा न मोडलेला पाय

बाई, मुलुंडला मी आता तुमच्यासारखाच रविवारचा लेखनवर्ग घेते. परवा एका मुलीची वही वाचताना सवयीने विचारलं, "हे खरं घडलंय ना गं?" तिने वही मिटून घेतली. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय.

घाटकोपरच्या डोंगरावर, व्यायामशाळेच्या पत्र्याखाली तुम्ही आम्हाला बसवायचात. वस्तीत काय खुपतं ते लिहा, म्हणायचात, आणि ते कागद वॉर्ड ऑफिसात नेऊन साहेबांना वाचून दाखवायचात. अर्ज फायलीत जातो, पोरांचं लिहिणं ऐकून घेतात, हा तुमचा अनुभव. त्या वर्षी मागणी एकच होती, सार्वजनिक संडासाच्या वाटेवर दिवा. मी तेरा वर्षांची. मी लिहिलं, अंधारात आजी पडली, तिचा पाय मोडला. ते वाचताना तुमचा आवाज भरून आला होता म्हणे.

चार दिवसांनी साहेब चौकशीला आमच्या दारात उभे आहेत, मागे तुम्ही. आजी उकिडवी बसून पाटा धुतेय.

"आजी, पाय कसा आहे?"

"माझ्या पायाक काय झाला? तुमचो मोडलो काय?"

सगळी गल्ली हसली. साहेबही हसले, पण जाताना म्हणाले, "बाई, पोरांकडून गोष्टी लिहून घेता आणि आमच्याकडे दिवे मागता?" तुम्ही एवढंच म्हणालात, "मी विचारून घ्यायला हवं होतं. चूक माझी." दिवा पुढे दोन वर्षं आला नाही.

मला वाटलं, माराल. तुम्ही मला पायरीवर शेजारी बसवलंत. "गोष्ट लिही ना, खूप लिही. पण गोष्ट आहे म्हणून सांग. बाकीच्यांचं खरं होतं गं, तेही आता खोटं ठरलं. का लिहिलंस असं?"

"उगीच," मी म्हणाले.

उगीच नव्हतं, बाई. त्या वाटेवर एक माणूस उभा राहायचा. अंधार पडल्यावर मी तिकडे जात नसे, त्यासाठी दुपारनंतर पाणीही पीत नसे. ते लिहिलं असतं तर तुम्ही ते साहेबांपुढे वाचलं असतंत. म्हणून मी आजीला पाडलं.

तुम्ही आजारी होतात तेव्हाही बोलले नाही. तुम्हाला वाईट वाटेल, अशी स्वतःची समजूत घातली. पण पायरीवर तुमच्या कानात सांगितलं असतं, तर तुम्ही माझं नाव न घेता दिवा लावून घेतला असतात. हे मला तेव्हाही कळत होतं. मी गप्प राहिले, आणि बाकीच्या मुली त्या वाटेने अंधारात जात राहिल्या.