अर्धा सूर खाली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यासमोर बसून तक्रार केली तर तुम्ही कान धरणार नाही, या धीरावर लिहायला बसलोय. आज रविवार असून कार्यक्रम नाही, म्हणून तोंड उघडायची मुभा आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी बोलत नाही. सकाळपासून स्टेजवर जाईपर्यंत एक शब्द नाही, कारण बोललं की गळा तापतो, आवाज वर चढतो आणि खालचे सूर लागत नाहीत. बायको विचारते, "अहो, चहा ठेवू का?" आणि मी नंदीबैलासारखी मान हलवतो. मुलगी इथेच वाढली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. लहान असताना तिने किंडरगार्टनमध्ये सांगितलं होतं, की शनिवार-रविवार आमच्या पप्पांना आवाज नसतो. तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन काळजीने चौकशी केली होती. किंडरगार्टन शनिवार-रविवार बंद असतं म्हणून बरं, नाहीतर मला खुलासाही करता आला नसता.

मी इंजिनिअर होऊन जर्मनीला आलो इथपर्यंत तुम्हाला माहीत होतं. पुढचं तुम्ही गेल्यावर घडलं. कोलोनला नोकरी करत असताना एका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी उपासनेत गात होतो, आणि पुढच्या बाकावरचा एक उंच माणूस मागे वळून माझ्याकडे बघतच राहिला. तोच आमचा टेनर, चौघांतला सगळ्यात वरचा आवाज. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या चर्चमध्ये चार पुरुष चार आवाजांत भक्तिगीतं गातात, त्या पद्धतीची चौकडी त्याने इथे उभी केली होती आणि त्याला बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, हवा होता. तुम्ही चांडाळचौकडीच म्हणाला असतात. तीन जर्मन आणि नगरचा मी, अमेरिकेतल्या खेडुतांच्या ढंगात इंग्रजी गाणी म्हणतो, आणि ऐकायला खेडोपाडीच्या जर्मन आज्या. कार्यक्रम संपला की केक, कॉफी, आणि "इंडियातून आलात? आणि हा आवाज?" हा प्रश्न. आधी हे शनिवार-रविवारपुरतं होतं. मग बोलावणी वाढली आणि मी नोकरी सोडली. तेव्हा मला वाटलं होतं, आता खरं जगणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं फार आनंदात गेली.

तुमचं स्वयंपाकघर मला रोज आठवतं. नाताळच्या आधीचे दिवस, तुम्ही करंज्या तळताय, आणि क्वायरच्या तालमीसाठी आम्हा चौघांना चार कोपऱ्यांत उभं केलंय. मी पाण्याच्या पिंपाजवळ. आदल्याच महिन्यात माझा आवाज फुटलाय आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंय, "तू आता खाली." मला रडू येतंय, कारण गाण्याची चाल वरच्या आवाजांकडे असते आणि बेसच्या वाट्याला नुसतं डो, सो, डो, म्हणजे आपले सा, प, सा. तुमच्या एका हातात झारा आहे, दुसऱ्या हाताने तुम्ही खुणा करताय, मूठ आवळली की डो. मी खालचा डो धरतो आणि पिंपावरचं झाकण हळूच थरथरतं. बाकीचे हसतात. तुम्ही हसत नाही. म्हणता, "झाकण वाजलं म्हणजे शहाणा झाला नाहीस. बाकीचे तिघं सुरात राहिले का, ते ऐक." मग पहिली करंजी मला देता. जीभ पोळते, तरी मी खातो.

त्याच नाताळच्या उपासनेत मी शेवटच्या आमेनला एक सूर अजून खाली गेलो, आपल्याला जमतं म्हणून. लोकांनी वळून पाहिलं. बाहेर आल्यावर तुम्ही माझा दंड धरलात. "माना वळल्या ना? म्हणजे चुकलास." बाई, मी आता पोटासाठी जे करतो ते नेमकं हेच आहे. गाण्याच्या शेवटी बाकीचे तिघं थांबतात, आणि मी एकटा पायरी पायरीने खाली उतरतो. सगळ्यात खालचा सूर लागला की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. लोक त्यासाठीच येतात. पोस्टरवरसुद्धा तसंच छापलेलं असतं.

आता दुखणं सांगतो. आमचा टेनर सत्तरीचा झालाय. वरचे सूर त्याला झेपत नाहीत. म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला, पहिल्या तालमीला, आमच्या साथीचा पियानोवाला काही न बोलता गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने उतरवतो. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. जर्मन माणूस तोंडावर बोलतो असं आपल्याकडे म्हणतात. असेल, जिना कोणी झाडायचा यावर आमचे शेजारी तोंडावर बोलतात. पण या माणसाने आम्हा सगळ्यांना उभं केलंय, त्याला कोण सांगणार? गाण्याची पट्टी उतरली की टेनर सुखात गातो, मधल्या दोघांना फरक पडत नाही, आणि सगळ्यात खाली मी उभा, माझ्या पायाखालून अर्धा सूर काढून घेतलेला. लोकांना वाटतं, याचा आवाज दरवर्षी अजून खोल जातोय. मी पहाटे उठतो, गरम पाण्याची वाफ घेतो, गप्प बसतो, व्हॅनमध्ये मफलर गुंडाळून आउटोबानच्या, म्हणजे हायवेच्या, कडेची झाडं बघत बसतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तुमच्या क्वायरमध्येही असे एक मामा होते, टेनर गाणारे. नाताळला त्यांचा आवाज फाटला, तर तुम्ही पट्टी उतरवली नाहीत. पुढच्या तालमीला सगळ्यांदेखत म्हणालात, "मामा, आता या पोरापाशी बसा. याला शब्द सांगत जा, हा निम्मे खातो." मामा दोन आठवडे रुसले आणि मग मरेपर्यंत माझ्याशेजारी बसून गायले. असं बोलता यायला हवं. मला येत नाही. मी तर दिवसाच्या दिवस बोलतच नाही.

गेल्या वर्षी शेवटी मी तळाला लागलो. येनाजवळच्या एका चर्चमध्ये, भरल्या लोकांत, शेवटचा सूर घ्यायला गेलो आणि गळ्यातून नुसती हवा आली. पण सूर आला. स्पीकरमधून आला, दणदणीत, आणि लोक उभे राहिले. मी तोंड उघडं ठेवून तसाच उभा. नंतर व्हॅनमध्ये टेनर म्हणाला, "घाबरू नकोस, तुझाच आवाज आहे." आमच्या सीडीसाठी मी एका सकाळी गायलो होतो, सणकून सर्दी झालेली असताना. सर्दीत आवाज दोन पायऱ्या खाली जातो हे तुम्हीच सांगितलं होतंत. तो सूर त्यांनी जपून ठेवला होता. आता पियानोवाला डाव्या पायाने एक पेडल दाबतो आणि तो वाजतो. बाकीचं गाणं मी गातो, आणि जिथे टाळ्या पडतात तिथे तोंड उघडतो. मला इतकी लाज वाटली की पुढच्या कार्यक्रमानंतर एका आज्जीने केक दिला तो मी हातातच धरून उभा राहिलो.

याच सुमारास आम्ही राहतो तिथल्या, बाड हॉम्बुर्गच्या चर्चमधल्या पास्टर बाईंनी विचारलं, आमच्या मुलांचा क्वायर शिकवाल का? बायकोची नोकरी इथलीच आहे, घर नीट चाललंय, प्रश्न तो नाही. एक दुपार मी नुसता बघायला म्हणून गेलो. पंचवीसेक पोरं, निम्मी भिंतीवर चढलेली. मी मूठ वर केली, डो. हळूहळू गप्प झाली. त्या दिवशी रात्री जेवताना मी इतका बोललो, इतका बोललो, की मुलगी जर्मनमध्ये आईला म्हणाली, "यांना बंद कसं करतात?" बायको हसली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "अहो, एकदा जाऊन सांगा ना त्यांना. आम्हाला शनिवार-रविवार घरात माणूस हवाय हो."

गेल्या गुरुवारी मी टेनरच्या घरी गेलो. गाडीत वाक्य घोकत गेलो होतो. तो रागावेल, म्हणेल की तुझ्याशिवाय चौकडी मोडेल, मी हो-ना करेन, आणि मग मन घट्ट करून नाही म्हणेन. त्याने कॉफी दिली. मी सांगितलं, मला सुटायचंय. तो म्हणाला, "गेनाऊ, बरोबर. मलाही वाटलंच होतं." त्याच्या डोक्यात एक तरुण बेस आधीच होता, शिकतोय अजून, पण देखणा आहे, चुणचुणीत आहे. मी म्हटलं, खालचा सूर? टेनर सहज म्हणाला, "तो आहेच की आपल्याकडे. आल्झो, म्हणजे, तुझी हरकत नसेल तर." अगदी प्रेमाने म्हणाला हो, माझ्या खांद्यावर हात ठेवून. परवानगी मागायला हवी म्हणून मागितली त्याने.

दार उघडं होतं, बाई. नुसतं उठून जायचं होतं. पण त्या कुठल्या पोराने माझ्या सर्दीतल्या आवाजावर तोंड उघडायचं आणि लोकांनी उभं राहायचं, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणालो, "हा एक मोसम राहतो मी." त्याला थोडं आश्चर्य वाटलं. बरं म्हणाला. पास्टर बाईंना मी त्याच संध्याकाळी फोन करून जमणार नाही म्हणून सांगितलं.

हे कुठे पाठवणार, तुमचा पत्ता मला ठाऊक नाही, आणि वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. घरी मी सांगितलं, ते मला सोडायलाच तयार नाहीत. बायको त्यांच्यावर इतकी चिडली, माणसाला असं वेठीला धरतात का म्हणाली, हातातलं भांडं आपटलं तिने. मी तिला चिडू दिलं.