मिलिटरीचं बेर

४ मार्च २०२४, सोमवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू — एकदा लिहून ठेवतो.

शेडच्या छपराच्या लोखंडी कैच्या. वेल्डिंगचं मशीन, तांब्याची तार स्वतः गुंडाळून, अजून चालतं. कडबाकुट्ट्या दोन. त्यातली एक गेवराईला विकली, ती फक्त पाती मागते, बाकी काही मागत नाही. शाळेचं गेट. केसरबाईंच्या सासऱ्यासाठी तीन चाकांची खुर्ची. अंघोळीचा बंब, दुहेरी पत्र्याचा. बायकोसाठी, सत्यशीलासाठी, शेवयांचा साचा — पहिला वाकडा झाला, दुसरा सरळ. वाकडाही ठेवलाय.

हे सगळं न शिकता, असं लोक म्हणतात. चूक! शिकलो, पण शिकवायला कोणी नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

आजच लिहायचं कारण : नगरच्या भंगारवाल्याकडून मिलिटरीच्या लिलावातलं डिझेल जनरेटर आणलं. पंचवीस केव्हीए, चार सिलिंडर, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेलं. आमच्या शेडला दिवसा लाईट असते कुठं? वेल्डिंग अर्ध्यात थांबतं. आता नाही थांबणार.

पिकअपच्या मागं ओढत आणलं तर सगळं गाव गोळा. त्यात आमचा मेहुणा उत्तरेश्वर. तीन टँकरचा मालक, पांढरी पँट. बुटानं टायर दाबून म्हणाला, "दाजी, लढाई कुणासंगं हाय?" सगळे हसले. मग वाकून खालून बघितलं. "भंगारात घातलं तर भाडं तरी निघंल का?"

किती दिले ते इथं लिहीत नाही.

५ मार्च

मशीनच्या अंगावर पांढऱ्या रंगात तीन इंग्रजी अक्षरं आहेत — बी, ई, आर. शाळेतल्या पोरांनी वाचलं, "बेर". दुपारपर्यंत गावभर झालं — बंकट मिस्तरीचं बेर.

तानाजी सुभेदार आला. फौजेतून निवृत्त होऊन गावी शेती करतो. त्यानं अक्षरं बघितली आणि मिशीतल्या मिशीत हसला. म्हणाला, "बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. म्हंजी दुरुस्त करणं परवडत न्हाई. अबे, फौजेनं हात टेकले, अन् तू निघालास व्हय?"

रात्री जेवताना तेच डोक्यात. परवडत नाही असं लिहिलंय. होत नाही असं कुठं लिहिलंय? फौजेला मिस्तऱ्याचा पगार द्यावा लागतो. मी मला देत नाही.

अक्षरं पुसायची नाहीत. राहू द्यायची!

९ मार्च

खोललं. ऑइलच्या चेंबरात पाणी. चारातली तीन नोझल जाम. रेडिएटरला खालून चीर. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये उंदराचं घर, त्यात खाकी कापडाच्या चिंध्या — उंदीर पण फौजी!

पण काम बघितलं आणि मन भरलं. एकेका वायरीला नंबर. एकेका नटाखाली स्प्रिंग वॉशर. ज्यानं हे जोडलं त्याला घाई नव्हती. असा माणूस कुठं असेल आता? भेटला तर चहा पाजीन.

१४ मार्च

रेडिएटरला झाळ दिली. पाणी भरून दिवसभर ठेवलं. खाली कागद अंथरला होता. कागद कोरडा.

२३ मार्च, शनिवार

इंजिन चालू झालं!

दोन बॅटऱ्या जोडाव्या लागतात, मिलिटरीचं सगळं चोवीस व्होल्टवर. डिझेलमधली हवा काढली, सेल्फ मारला. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग काहीच नाही. आवाज एकसारखा. डोळे मिटून ऐकलं तरी एकही सिलिंडर लंगडत नव्हता.

मग व्होल्टमीटर बघितला. काटा शून्यावर.

उत्तरेश्वर उभाच होता. "धूर लई, आवाज लई, अन् उजेड न्हाई. दाजी, ह्याला इलेक्शनला उभं करा!"

मीच शेडचं शटर खाली ओढलं. माणसं बाहेर, मी आत.

२६ मार्च

तीन दिवस वाइंडिंग तपासलं. कुठं तुटलं नाही, कुठं जळालं नाही. तरी वीज नाही.

मग ध्यानात आलं. अल्टरनेटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम मुरलेलं असतं. त्याच्यावरच पुढची वीज उभी राहते. मशीन वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की लोखंड ते विसरतं. आधी रेग्युलेटरच्या वायरी सोडवल्या, इंजिन चालू केलं, आणि फिल्डच्या कॉइलच्या दोन टोकांना बॅटरीच्या वायरी नुसत्या टेकवल्या. क्षणभर. काटा उठला! रेग्युलेटरच्या वायरी परत जोडल्या आणि काटा चारशे पंधरा व्होल्टवर जाऊन बसला.

सत्यशीलाला हाक मारून दाखवलं. लोखंडाला आठवण करून द्यावी लागते, असं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मीबी इथं येऊन लई काय काय विसरले. मलाबी लावा की ती बॅटरी!"

हसलो. खूप दिवसांनी.

९ एप्रिल, पाडवा

गुढीची गाठी सत्यशीलानं काढली आणि जाऊन मशीनला घातली. मी सांगितलं नव्हतं.

१७ एप्रिल

पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची डीपी परवा जळाली. मोठा भडका उडाला म्हणतात. लाईटवाले म्हणतात नवीन यायला वेळ लागेल. विहिरीत पाणी आहे, मोटार चांगली आहे, टाकी मात्र कोरडी. उत्तरेश्वरचे टँकर सुरू झाले, सरकारी बिलावर. बायका हंडे घेऊन मागं पळतात. बायनाबाई आज पडल्या, मनगट सुजलं. सत्तरीची बाई.

संध्याकाळी सरपंच केसरबाई शेडवर आल्या. पदर सावरत उभ्या राहिल्या. "बंकटराव, तुमचं बेर विहिरीवर चालंल का?"

म्हणलं, "चालंल का ते इचारू नका. कवा आणू ते इचारा."

१९ एप्रिल, शुक्रवार

बोललो तर होतो. आज फजिती झाली ती पण लिहितो.

मशीन विहिरीवर नेलं. केबल जोडली, अर्थिंग केलं, व्होल्टेज बघितलं. स्टार्टर दाबला. मोटार फिरायला लागली, मशीन जरा दबलं आणि सावरलं. सगळे टाकीकडं बघत उभे. पाणी नाही. मोटारीचा आवाज येतोय, पाइप थरथरतोय, आणि पाणी नाही! कोणी म्हणालं मोटार गेली. कोणी म्हणालं विहीर आटली. उत्तरेश्वर टँकरच्या बॉनेटला टेकून म्हणाला, "फौजेनं उगंच न्हाई टाकलं त्याला."

कान गरम झाले. सगळं तपासलं होतं, एक सोडून. तीन फेजचा क्रम. मोटार उलटी फिरत होती. मशीन बंद केलं, दोन वायरींची अदलाबदल केली, परत स्टार्टर दाबला.

पाइपानं आधी हवा ओकली. मग गढूळ. मग पाणी!

मी उत्तरेश्वरकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

२० एप्रिल

डिझेलचं ठरलं. घरटी एक बाटली, दर चार दिवसांनी. केसरबाईंनी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं. मजुरी घेणार नाही, असं मी सांगितलं. सत्यशीला म्हणाली, "म्हशीपरीस जास्त खातंय तुमचं बेर, अन् दूध बी न्हाई देत." म्हणलं, पाणी देतं.

२४ एप्रिल

सकाळी मशीन खोकून बंद. पाण्याची टाकी अर्धीच भरली होती.

फिल्टर खोलला. तळाला पाणी! डिझेलात पाणी कुठून? मशीनच्या टाकीचं झाकण पक्कं आहे, मीच बसवलंय. उत्तरेश्वरनं काही केलं, असं पहिल्यांदा मनात आलं. खोटं कशाला लिहू.

मग बाटल्या बघितल्या. एकूण एक बाटलीच्या आत थेंब. बायनाबाईंना विचारलं. त्या सुजलेला हात पदरात धरून म्हणाल्या, "मग! धुऊन आणली की. राखेनं घासली, तीनदा खंगाळली. गावाच्या पाण्यासाठी द्यायची अन् खरकटी देऊ व्हय?"

घराघरात तेच. ज्या घरानं जास्त मनापासून दिली, तिथली बाटली जास्त ओली.

म्हणलं, मावशी, न धुता आणा. त्या अशा बघायला लागल्या जसं काही मी शिवी दिली. "ते न्हाई जमायचं आमाला."

दोन दिवस सांगून बघणार होतो. एकाच घरी सांगितलं आणि कळलं. डिझेलच्या टाकीच्या बुडाला तोटी बसवली. पाणी जड असतं, तळाला बसतं. रोज सकाळी चालू करायच्या आधी तोटी सोडायची, पाणी आलं की जाऊ द्यायचं, डिझेल आलं की बंद. बायका बदलणार नाहीत. मशीन बदललं.

२५ एप्रिल

तोटी सोडली. पेलाभर पाणी निघालं. गावाचं मन म्हणायचं ते.

२९ एप्रिल, सोमवार

टाकी रोज भरते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रस्त्यावर हंडे नाहीत. उत्तरेश्वरचे टँकर पिंपळाखाली उभे, तरी कागदावर गावाला टँकर चालूच आहेत म्हणे. ड्रायव्हर लोक पत्ते खेळतात.

तानाजी रोज येतो, ऑइलची पट्टी स्वतः काढून बघतो, पुसतो, परत घालतो. आज म्हणाला, "बंकट, तुला भरती करून घ्यायला पायजे होतं." म्हणलं, "शिक्का मारला असता माझ्यावर पण!" लई हसला.

सत्यशीलाचं लक्ष नाही. भाजीत मीठ कमी. जेवता जेवता तीच म्हणाली, "त्याचा फोन न्हाई आला पाडव्यापासून. मी केला तर उचलत न्हाई." नाव घेतलं नाही. कशाला घ्यायचं? एकच तर भाऊ आहे तिला.

"तुमी काय वाईट करत न्हाई," असंही म्हणाली. मग भांडी जरा जोरात घासली.

१ मे

ऑइल बदललं. फिल्टर नवा. व्हॉल्व्हचे टॅपेट तपासले, एकाचा गॅप वाढला होता, बसवला. इंजिन गार असताना बसवायचा — गरमवर बसवतात ते गाढव.

३ मे, शुक्रवार

उत्तरेश्वर घरी आला. चप्पल बाहेर काढून आला, सत्यशीलाच्या पाया पडला. मग माझ्यासमोर जमिनीवरच बसला.

"दाजी, सोमवारी तहसीलचा माणूस पाहणीला येतोय. नळाला पाणी दिसलं की माजे तिन्ही टँकर बंद. मशीन इकू नका, मोडू नका. त्या एका दिवशी लोकांदेखत एवढंच म्हणा — बंद पडलंय, माज्याच्यानं न्हाई होत."

सत्यशीला दारात उभी होती. भावाकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

नाही म्हणालो.

तेवढ्या एका वाक्याचे देत होता — दोन लाख.